चावडी उठवणारी आवडाई

किती वर्षं झाली ते विचारू नका, कारण ते कुणालाच ठाऊक नाही. काळीगव्हाणच्या माळावर तेव्हा एकही घर नव्हतं आणि सगळं गाव खाली नदीकाठच्या काळ्या मातीत बसलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

बसलेलं म्हणजे खरोखरच बसलेलं. कुठलं घर डावीकडं कललेलं, कुठलं उजवीकडं. उन्हाळ्यात भिंतींना अशा भेगा पडायच्या की शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते आपल्या घरातून दिसायचं. पावसाळ्यात दारं अडकायची. असं म्हणतात, त्या गावात श्रावणात कुणी कुणाकडं जेवायला जायचं नाही, कारण आत गेलेला माणूस बाहेर येईलच याची खात्री नसायची.

दोष मातीचा नव्हता. ती माती म्हणजे सोनं होतं. उन्हाळ्यात ती इतकी फाटायची की करडू भेगेत पाय घालून अडकायचं. म्हाताऱ्या बाया सांगायच्या, भेगेत पडलेला तांब्या नातवाच्या नांगराला लागतो. मग पाऊस पडला की तीच माती फुगायची, सगळ्या भेगा मिटवून टाकायची, आणि चपलेला अशी चिकटायची की शेतातून घरी येईपर्यंत माणूस वीतभर उंच व्हायचा. वरची माती भेगेतून खाली जायची, खालची वर यायची. असं म्हणतात, ती माती स्वतःच स्वतःला नांगरायची. चार महिने पोटभर पाणी प्यायची आणि पुढं त्याच पाण्यावर पीक जगवायची. दसऱ्यानंतर आभाळातून थेंब पडला नाही तरी शाळू माणसाच्या डोक्यावर जायचा आणि हरभरा घाट्यांनी वाकायचा. फक्त तिच्यावर घर बांधायचं नसतं. जी माती वर्षभर वरखाली होते, तिच्या पाठीवर भिंत ठरेल कशी?

एवढी साधी गोष्ट गावातल्या एकाही पिकल्या डोक्यात शिरली नव्हती. गाव तिथं का, तर मूळपुरुषाचा बैल तिथं बसला म्हणून. बैल चालून चालून दमला होता, बसला. त्या दिवसापासून ती जागा देवानं दाखवलेली ठरली. बैलाला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, बाबांनो, मी नंतर उठलो होतो.

मग भिंती फुटायच्या कशामुळं? तर सुनांमुळं. भिंत फुटली की त्या घरात शेवटची आलेली सून धरायची आणि म्हणायचं, हिचा पायगुण वाईट. भिंत दुसऱ्यांदा फुटली की माहेरची गाडी बोलवायची. अशा किती पोरी परत गेल्या ते गावानं कधी मोजलं नाही. म्हातारे आपले चावडीत बसून तंबाखू मळत होते आणि पोरींच्या जन्माचा निकाल लावत होते.

अशा गावात आवडी सून म्हणून आली.

ती डोंगरावरच्या तांबडदऱ्याची. तिकडची माती लाल, खडेदार. पाणी घातलं की झिरपून जायचं, मागं ओलीचा पत्ताच नसायचा. तिकडं नवी भिंत बांधली की रोज सकाळी तिच्या पायथ्याला घागरभर पाणी घालायची रीत होती. त्यानं मुरूम घट्ट बसतो, भिंत पक्की होते. आवडीचा नवरा लिंगू यानं लग्नाआधी स्वतःच्या हातानं तिच्यासाठी एक खोली बांधली होती. ती खोली पाहिली आणि आवडीला नवरा आवडला. मग ती रोज सकाळी कौतुकानं त्या भिंतीच्या एका कोपऱ्याला पाणी घालायची. घागर ओतायची आणि भिंतीवरून हात फिरवायची.

महिना होतो न होतो तोच भिंत कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत उभी फुटली.

चावडीपुढं गाव जमलं. तुळाजी पाटील पाय चोळत बसला होता. गावात सगळ्यात म्हातारा तो, आणि म्हणूनच सगळ्यात शहाणा, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"लिंग्याची बायको पांढऱ्या पायाची हाय," तो म्हणाला. "पण आमी काय कसाई न्हाई. भिंत लिंपून घ्या. एक पावसाळा बघू. श्रावणात पुन्हा फुटली, तर गाडी बोलवायची."

"पाटील, भिंत मी बांधली," लिंगू म्हणाला. "फुटली तर माझी चूक."

"तू गप. बाप्याच्या हातानं भिंत फुटत नसती."

आवडी घरी आली ती थेट भिंतीपाशी. तिला रडायला येत होतं, पण त्याआधी तिला बघायचं होतं. जिथं ती पाणी घालायची तो कोपरा वर उचललेला होता. दुसरा कोपरा, जिथं थेंब पडला नव्हता, तो होता तिथंच होता. ती कितीतरी वेळ उकिडवी बसून बघत राहिली. मग सासूकडं गेली. सासूचं नाव गोजाई. जिभेनं तिखट आणि हातानं मऊ.

"आत्याबाई, भिंत मीच फोडली."

गोजाईनं आधी दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं. "हळू बोल की, भवाने! कशी फोडलीस?"

"पाणी घालून. ही माती पाण्यानं फुगती. एकीकडनं फुगली, दुसरीकडनं न्हाई. मधी भिंत तुटली."

गोजाई खाली बसली आणि असं हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, मी आले त्या सालीबी भिंत फुटली होती. मी काय करायची, सासरा उठायच्या आत शेणानं भेग लिंपायची. रोजच्या रोज. जन्मभर लिंपलं, आवडे. मला वाटलं, माझेच पाय."

त्या दिवसापासून आवडी मातीच्या मागं लागली. शेतातली मूठभर माती आणून तिचा गोळा करायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची. वाळला की गोळा सुपारीएवढा, भिजला की लिंबाएवढा. लोक म्हणायचे, लिंग्याच्या बायकोला वेड लागलं, माती शिजवून खाते. पुढं पुढं तर असं म्हणू लागले की तिच्या जिभेवर चिमूटभर माती ठेवली की ती कुठल्या शेताच्या कुठल्या बांधाची ते आवडी डोळे मिटून सांगते. खरं खोटं मातीला माहीत.

एकदा ती लिंगूबरोबर माळावर चढून गेली. वर लाल मुरूम, पायाखाली करकरणारा. मधे उतारावर तपकिरी, हलकी माती, हातभर खोल. आणि खाली नदीपर्यंत पसरलेली काळीभोर सपाटी. ती तिथं उभी राहिली आणि तिला सगळं एकदम दिसलं.

"चाळणीवाणी हाय बघा," ती लिंगूला म्हणाली. "डोंगराचा दगड उन्हापावसानं झिजतो. जाडंभरडं वरच राहतं, आणि पिठावाणी बारीक तेवढं पाणी खाली नेतं. खाली सपाटी, पाणी थांबतं, तिथं पीठबी थांबतं. ते पीठ म्हंजी तुमचं काळं रान."

"म्हंजी वाईट हाय का चांगलं?"

"वाईट कसं? जित्तं हाय ते. पितं, फुगतं, वाळतं, फाटतं. तुमच्या बापजाद्यांनी जित्त्या जनावराच्या पाठीवर घरं बांधली, आणि ते हललं की सुना हाकलल्या."

लिंगूनं खालून उपटून आणलेला हरभऱ्याचा डहाळा तिच्यापुढं धरला. दोघं मुरमावर बसून घाटे सोलून खात राहिली. वर वारा होता आणि बुडाखालची जमीन हलत नव्हती. आवडीला वाटलं, इथं घर असावं आणि खाली शेत असावं, मग माणसाला आणखी काय लागतं?

तिनं तिन्ही ठिकाणची माती आणली, भिजवली आणि बांगड्या वळायला बसली. काळ्या मातीची बांगडी गुळगुळीत, कुठं तडा नाही. तपकिरी मातीची वाकवता वाकवता चिरली. लाल मातीची वळलीच नाही, हातात भुगा झाला. ते सगळं सुपात ठेवून ती चावडीवर गेली.

"बांगड्या भरायला आलीस व्हय आमाला?" तुळाजी म्हणाला, आणि सगळे म्हातारे खोकला येईपर्यंत हसले.

"न्हाई पाटील, दाखवायला आले. जिची बांगडी वळती तिच्यात पेरायचं. जिची वळत न्हाई तिच्यावर राहायचं. गाव माळावर न्यायला पायजे."

तुळाजी सरसावून बसला. "बैल बसलेली जागा सोडायची? मूळपुरुष काय म्हणंल?"

"मूळपुरुषाचं घर कुठाय?" आवडीनं विचारलं.

मूळपुरुषाचं घर कधीच पडलं होतं आणि त्या जागेवर उकिरडा होता. हे सगळ्यांना माहीत होतं, रोज दिसत होतं, आणि म्हणायची हिंमत एका परक्या पोरीला झाली.

"लई बोलती ही," तुळाजी म्हणाला. "श्रावण यायचाय अजून."

आणि श्रावण आला. त्या वर्षी पाऊस असा पडला की लोक म्हणतात, बेडूकसुद्धा माळावर जाऊन बसले. गावातलं एकेक घर करकरायला लागलं. आवडीनं भिंतीभोवती चर खणले, पाणी दूर काढलं, लिंगू पाऊस अंगावर घेत फावडं चालवत राहिला. पण आभाळच उलटलं तिथं चर काय करणार? एका सकाळी भिंत फुटली, पहिल्यापेक्षा रुंद.

लगेच निरोप गेला. तांबडदऱ्याहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि चिखलात बैल उभे करून मुकाट्यानं थांबला. म्हातारे निकाल द्यायला चावडीत शिरले. बाहेर बाया जमल्या होत्या, गोजाई शिव्या देत होती. तिचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यांनी चावडीचं सागवानी दार लावून घेतलं.

निकाल ठरलेलाच होता. तो सांगायला तुळाजी उठला, दार ओढलं. दार हललं नाही. दोघांनी ओढलं. मग सगळ्यांनी ओढलं. दार भिंतीचाच भाग झाल्यासारखं गच्च. चावडीला खिडकी नव्हती. होती ती एक भेग, कोपऱ्यात, चार बोटं रुंद.

"अरं कोण हाय का भाईर?" भेगेतून आवाज आला.

लिंगू कुऱ्हाड घेऊन धावला. आवडीनं त्याचा हात धरला. "चौकट तोडली तर वरचं माळवद त्यांच्या अंगावर येईल."

ते खरं होतं. छतावर ओल्या मातीचा ढीग होता आणि सगळा भार त्या चौकटीवर आला होता. आतल्या म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि त्यातला एक मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागला.

भाऊ आवडीच्या कानाशी आला. "चल आवडे, गाडीत बस. राहू दे त्यांना आत. लोणची मुरू देत."

तिच्या मनात आलं नसेल असं नाही. ती काही देवी नव्हती. पण तिला माळावरचा वारा आठवला, घाटे सोलणारी लिंगूची बोटं आठवली, आणि तिला कळलं की आज ती गाडीत बसली तर ते सगळं दुसऱ्या कुणाचंही होणार नाही, नुसतं वाया जाईल.

ती चावडीला वळसा घालून मागं गेली. चावडीपुढं पन्हळीचं पाणी धो धो पडत होतं आणि तिथली माती फुगून वर आली होती. मागच्या बाजूला मात्र पाटलाचा गोठा होता, छप्पर घातलेला. त्याच्याखाली वैशाखातल्या भेगा तशाच आ वासून होत्या. आवडीनं एका भेगेत खडा टाकला. तो खाली जात राहिला, जात राहिला.

"दार ओढू नका!" ती ओरडली. "चावडी पुढून उठलीय आणि मागून बसलीय, म्हणून चौकट पिळलीय. मागूनबी उठवायची. बायांनो, घागरी आणा!"

पण पाणी ओतण्याआधी ती भेगेपाशी गेली.

"पाटील, कान इकडं करा."

"कोण हाय?"

"पांढऱ्या पायाची."

आतून कुणीतरी भेगेला डोळा लावला.

"दार उघडते. पण आधी बोला, भिंत फुटली म्हणून या गावातनं एकबी सून परत जाणार न्हाई."

"आणि न्हाई म्हटलं तर?"

"तर माती आपसूक वाळंल की. दिवाळीपस्तोर वाळंल. तंबाखू हाय न्हवं पुरेशी?"

आतून कुजबुज ऐकू आली. कुणीतरी म्हणालं, "संपली की रं कवाच."

"कबूल!" तुळाजी ओरडला.

गोजाई सुनेला बाजूला सारून भेगेशी आली. "आणि ज्या पोरी धाडल्यात, त्यांना मानानं आणायचं! लुगडं घेऊन जायचं, आणि तुमी सोता जायचं, तुळाजी!"

"कबूल म्हनलं न्हवं, बये!"

मग बाया पाण्याला लागल्या. भर पावसात पन्हळीखाली घागरी भरून आणायच्या आणि गोठ्यातल्या भेगांत ओतायच्या, असं दृश्य त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. आतले म्हातारे ओरडायचे, "आमाला बुडवती ही!" बाया हसत आणखी ओतायच्या. आवडीनं भिंतीला तळवा आणि कान लावून ठेवला होता. जास्त पाणी गेलं असतं तर चावडी उलट बाजूला कलंडली असती, सगळ्यांसकट. माती पीत होती, पीत होती. खालून कण्हल्यासारखा आवाज आला.

"बास!" आवडी म्हणाली. "आता एक थेंब न्हाई!"

बायांनी घागरी जिथल्या तिथं धरल्या. आणि असं म्हणतात, मग चावडी उठली. बैल उठतो ना, आधी मागचे पाय ताठ करून, तशी मागून उठली. माळवदाची माती झरझर खाली सांडली, आढं सरळ झालं, आणि ते सागवानी दार कुणी हात न लावता कुरकुरत आपल्या आपण उघडलं.

म्हातारे एकेक करून बाहेर आले, केसांत माती, धोतरं ओली. तुळाजीनं सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाला, "एवढा उशीर?"

आवडीचा भाऊ खो खो हसला. त्याची गाडी रिकामी परत गेली नाही. तिच्यातून लिंगूच्या घराची चौकट माळावर गेली. सुगी झाल्यावर दुसरं घर गेलं, मग तिसरं, मग गाव. तिथल्या भिंती पुढं फुटल्या नाहीत. खालची जुनी जागा नांगरली, आणि तिथं असा हरभरा आला की वाटेनं जाणारे थांबून बघायचे.

तुळाजी स्वतः लुगडी घेऊन गेला, त्याला जावंच लागलं. काही पोरी आल्या, गावानं त्यांना वाजतगाजत आणलं. एकीनं मात्र निरोप दिला, माझी इथली भिंत चांगली आहे, लुगडं ठेवून जा. पुढं तुळाजी सांगत फिरायचा की गाव माळावर न्यायचं त्याच्याच डोक्यात आलं होतं. आवडीनं त्याला बोलू दिलं. म्हाताऱ्यांची तोंडं चालू असली की त्यांचे हात आडवे येत नाहीत.

ती पुष्कळ जगली. आवडीची आवडाई झाली. लांबलांबची माणसं मूठभर माती फडक्यात बांधून तिच्याकडं यायची, आणि ती बांगडी वळून सांगायची, इथं पेर, इथं राहा. भर वैशाखात ती गेली. तिला खालच्या रानात नेलं, तेव्हा जमीन फाटून चाळण झाली होती. असं म्हणतात, ज्या वाटेनं तिला नेलं त्या वाटेवरच्या भेगा मिटल्या. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता, तरी मिटल्या. खांदेकऱ्यांपैकी कुणाचा पाय अडखळला नाही.

आजही काळीगव्हाणात सुगी संपली की जुन्या जागेवर काळ्या मातीची एक बुटकी झोपडी उभी करतात. तिला एक दार आणि एक भेग. गावातले सगळ्यात जाणते पुरुष तिच्यात जाऊन बसतात, पंच असोत, पाटलाचे वंशज असोत, सरपंच असो, मानपान काही चालत नाही. बाहेरून दार लावतात. त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुना पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या राहतात, आणि भेगेतून एकेक मागणं घालतात. कुणी विहिरीवर सावलीचं झाड मागतं, कुणी पुढं शिकायला मागतं. एकीनं सासऱ्याचं घोरणं बंद करा म्हणून मागितलं होतं, त्यावर पंचांची फार वेळ बैठक चालली. आतून "कबूल" आल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, आणि पाणी ओतल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी रीत आहे.

आत ऊन तापतं, म्हातारे खोकतात, कुरकुरतात, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणतात. बाहेर आयाबाया सावलीत बसून हरभरे सोलतात. नवी सून घागर कडेवर घेऊन उभी असते. तिला घाई कर असं त्या गावात कुणीच म्हणत नाही.